सोळा आणे कशाचे?

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त एक घाईला आलेला वाटसरू वाण्यापुढे उभा आहे. तांडा निघायच्या बेतात आहे आणि त्याआधी दोन घास पोटात जायला हवेत. भाव असा, की एका द्रम्माला तांदूळ साडेतीन मापे आणि मूग आठ मापे. वाटसरूच्या हातात तेरा काकिणी आहेत. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवेत, तेही तेरा काकिणींत नेमके बसतील एवढेच. खिचडीचे नाव श्लोकात नाही. पण दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ घेणाऱ्या कुठल्याही घरात हे गणित आजही रोज चुलीवर चढते. सोडवायला बसले तर दोन मापे तांदळाचे दाम द्रम्माचे ४/७ आणि एक माप मुगाचे १/८, मिळून ३९/५६. वाटसरूजवळ आहेत द्रम्माचे १३/६४, कारण चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. त्रैराशिक मांडले की तांदूळ ७/१२ माप येतो आणि मूग ७/२४ माप. तांदळाचे दाम द्रम्माचा सहावा भाग, मुगाचे दाम द्रम्माच्या १९२ भागांपैकी सात. हा १९२ आकडा ओळखीचा वाटायला हवा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या पै होतात १९२. द्रम्माच्या जागी रुपया ठेवला तर आपल्या वाटसरूजवळ तीन आणे तीन पै आहेत, त्यातले दोन आणे आठ पै तांदळाला जातात आणि सात पै मुगाला. एक पैही उरत नाही की तुटत नाही. हेच गणित आजच्या पैशांत करून पाहावे. हाती २०.३१२५ पैसे, तांदळाला १६.६६ आणि पुढे न संपणारे सहाच.

भास्कराचार्यांपासून १९५७ पर्यंत, नाणी बदलली आणि राज्ये बदलली तरी चार आणि सोळा यांची ही चौकट आपल्या व्यवहारात टिकून राहिली. ती टिकली ती निव्वळ सवयीने, असे समजण्याची रीत आहे. दशमान पद्धत आली आणि जुनाट गुंतागुंत सुटली, असे शाळेत आपण शिकलो. मला हे अर्धेच खरे वाटते. सोळा आण्यांचा हिशेब मुळात वाटणीसाठी घडलेला होता आणि शेकड्याचा हिशेब ताडून पाहण्यासाठी. दोन्ही आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत होते आणि कोणते काम कोणाचे, हे व्यवहार करणाऱ्याला ठाऊक होते. त्यातून जी भांडणे झाली ती पाव किती आणि शेकडा किती यावरून फारशी झालीच नाहीत. ती झाली पाव कशाचा आणि शेकडा कशाचा यावरून. वाटणीच्या इतिहासात छेदाला, म्हणजे ज्याचे भाग पाडायचे त्या अख्ख्या वस्तूला, आपण पुरेसे महत्त्व दिलेले नाही.

आधी वाटणीची बाजू. धान्याची जुनी मापे एका ओळीत लावली तर त्यामागचा विचार डोळ्यांना दिसतो. पायलीची निम्मी अधोली, अधोलीचा निम्मा शेर, शेराचे निम्मे मापटे, त्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे निम्मे कोळवे आणि कोळव्याचे निम्मे निळवे. मण किती पायल्यांचा, यावर गावागावांत फरक होता, पण खालची उतरंड निम्मेनिम करीतच उतरायची. पायलीची निळवी मोजली तर भरतात चौसष्ट. द्रम्माच्या काकिणीही चौसष्ट आणि जुन्या रुपयाचे पैसेही चौसष्ट. निम्मे करणे हे एकच काम असे आहे, की ज्याला अंकओळखही लागत नाही. धान्याचा ढीग दोन ठिकाणी घालायचा, एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. दोघांचीही खात्री पटते. ढिगाचे दहा सारखे वाटे नजरेने कोणी करून दाखवावेत! शेतीची अर्धेल आणि चौथाई ही त्या खळ्यावरचीच भाषा आहे, आणि तिजाई लागली तर पै मदतीला होती. आण्याच्या बारा पै केल्या की एकदम तिनाने भाग जाऊ लागतो. रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै, सहावा दोन आणे आठ पै, बारावा एक आणा चार पै. तीन भावांच्या घरात याची किंमत काय असते, ते सांगायला नको.

पंतोजींच्या शाळेत पोरे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकत. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. या पाढ्यांकडे पाठांतराचा जुलूम म्हणूनच पाहिले जाते आणि तो जुलूम होताही. पण घोकून घेतले काय जात होते, तेही पाहावे. साडेतीन माप तांदूळ हा वाटसरूच्या गणितातला आकडा औटकी येणाऱ्या पोराला कागदाशिवाय सुटतो. लिहिण्याची रीतही याच विचाराची. पावासाठी एक उभा दंड, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन, आणि आण्यांसाठी आडव्या रेघा. पाच रुपये सहा आणे लिहायचे तर पाचापुढे एक दंड आणि दोन रेघा. ओळीने लिहिलेला जमाखर्च वाचताना वस्तूचे चतकोर तुकडे डोळ्यांसमोर पडलेले दिसत. आजच्या ५.३७५ मध्ये तसे काही दिसत नाही.

आता शेकड्याची बाजू. टक्केवारी इंग्रजांनी शिकवली, हा समज ‘लीलावती’चे पुढचे पान उलटले तरी टिकत नाही. दरमहा शेकडा पाचाने दिलेले कर्ज वर्षाअखेर व्याजासह एक हजार झाले, तर मुद्दल किती आणि व्याज किती, असा तिथे प्रश्न आहे. उत्तर मुद्दल ६२५, व्याज ३७५. शेकडा होता, आणि तो महिन्याचा होता. मराठीत पुढे पंचोत्रा म्हणजे शेकडा पाच, सहोत्रा म्हणजे शेकडा सहा, असे शब्द रुळले. जकात, हक्क, व्याज, दस्तुरी यांना शेकडाच लागे, कारण इथे वाटणी करायची नसते. वेगवेगळ्या आकाराच्या रकमांवर एकाच मापाने आकारणी करायची असते. हजाराच्या मालावर आणि सव्वातीनशेच्या मालावर सारखाच भार पडला की नाही, हे पाहायला शंभरासारखा दुसरा आकडा नाही.

या दोन्ही रीती एकत्र कशा चालत, याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे शाहू महाराजांच्या काळातली चौथाईची विभागणी. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या, सरदेशमुखीच्या आणि स्वराज्याच्या सनदा घेऊन परतले. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. एक आकडा निम्मेनिम करीत आलेला, दुसरा शंभरावर बसवलेला. मग चौथाईच्या पोटात आणखी वाटण्या झाल्या. चौथाईचा पाव भाग राजाची बाबती, उरलेला पाऊण भाग मोकासा. मोकाशातून सहोत्रा पंतसचिवांकडे आणि शेकडा तीन नाडगौडा राजाच्या मर्जीप्रमाणे द्यायला. बाकी राहिला तो ऐन मोकासा, सरदारांच्या फौजेसाठी. आता इथे थांबून हिशेब करावा. चौथाई शंभर धरली तर बाबती २५ आणि मोकासा ७५. सहोत्रा कापायचा मोकाशातून. पण सहा टक्के मोजायचे ते ७५ वर की १०० वर? ७५ वर मोजले तर साडेचार होतात, १०० वर मोजले तर सहा. प्रत्यक्षात मोजणी अख्ख्या चौथाईवर होत असे. म्हणून सहोत्रा ६, नाडगौडा ३ आणि ऐन मोकासा ६६. आणि ज्या वसुलातून चौथाई निघाली तो वसूल ४०० धरला, तर सरदाराच्या हाती त्या वसुलाचे शेकडा साडेसोळाच पडत होते. एकाच रकमेला तीन खरी उत्तरे आहेत. मोकाशाचा विचार केला तर ८८, चौथाईचा केला तर ६६ आणि वसुलाचा केला तर साडेसोळा.

ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या विभागणीची नोंद बारकाईने केली, आणि ही गुंतागुंत कारभाऱ्यांच्या हाती सत्ता राहावी म्हणून उपयोगी पडली, असा रोख ठेवला. हिशेब ज्याला कळतो त्याच्या ओंजळीने बाकीच्यांनी पाणी प्यायचे, हा आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. बंदुकीच्या आणि भाल्याच्या बळावर मुलूख आणणारा सरदार या ताळेबंदात कारकुनावर अवलंबून राहत होता, हे खरेच आहे. पण एवढ्याने विषय संपत नाही. एकाच गावाच्या वसुलात राजा, सचिव, सरदार आणि जुना सरकारी हक्कदार अशा चौघांचे हितसंबंध गुंतवून ठेवले की कोणा एकाला तो गाव गिळता येत नाही. बाबती मागायला राजाचा माणूस येणार, सहोत्रा मागायला भोरच्या पंतसचिवांचा येणार. प्रत्येकाच्या वहीत दुसऱ्याच्या वहीचा पडताळा आहे. गुंता हा लबाडीचा आडोसा होऊ शकतो तसा पहाराही होऊ शकतो. फरक पडतो तो छेद उघड सांगितलेला आहे की नाही यावर. सहोत्रा चौथाईचा, हे सर्वांना माहीत असताना भांडण होत नाही.

सावकारीत छेद झाकला जात होता आणि त्याची किंमत मोजणारा माणूस वेगळा होता. शेकडा दोन म्हणजे दरमहा दोन, वर्षाला चोवीस. अजूनही गावात ‘तीन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणतात तेव्हा तो महिन्याचाच दर असतो आणि बँकेचे बारा टक्के ऐकून आलेल्याला तो स्वस्त वाटून जातो. धान्याची वाढीदिढी त्याहून बिकट. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करायचे. दिढी म्हणजे शेकडा पन्नास, पण वर्षाचे नव्हे, चारसहा महिन्यांचे. शिवाय पेरणीच्या वेळी धान्य महाग आणि सुगीला स्वस्त, म्हणजे पैशांत धरले तर गणित आणखी निराळे. या सगळ्यावर जुन्या धर्मशास्त्राचा एक लगाम होता, दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मला हा नियम प्रमाणाच्या इतिहासातला एक फार शहाणा नियम वाटतो, कारण त्याला दर कळावा लागत नाही, काळ कळावा लागत नाही. शंभर घेतले होते, दोनशे झाले, संपले. मात्र तोही छेद बदलून फोडता येत होता. दोनशे झाले की जुने कर्जखत फाडायचे आणि दोनशेचे नवे खत लिहून घ्यायचे. कालचे व्याज आज मुद्दल होते आणि दामदुप्पट चारशेपर्यंत ताणली जाते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा उसळला आणि तो आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा शेतकऱ्यांचा सगळा रोख खतांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. त्यातून आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासायला सांगितले. मुळाचा शंभर कुठे होता ते शोधा, असाच त्याचा अर्थ.

आणेवारीच्या बाबतीत हाच प्रश्न सरकार आणि रयत यांच्यामध्ये आला. पिकाचा अंदाज आण्यांत सांगायची रीत जुनी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. मुंबई इलाख्यात नियम होता, की पीक चार आण्यांवर गेले नाही तर त्या वर्षीचा सारा तहकूब मागता येतो. १९१८ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात यावरूनच सत्याग्रह उभा राहिला. पुण्यात गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनी तिथल्या पिकाची पाहणी केलेली होती. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत. अधिकारी म्हणत, वर. शेत एकच, खळे एकच. मग आकडे दोन कसे? मोजणीत कोणी खोटे बोलत होते, हे एक उत्तर झाले. पण खोटे न बोलताही आकडे दोन येतात. समजा, एका शेताचे भरघोस वर्षाचे पीक १६ मण आणि नेहमीचे १२ मण. यंदा झाले साडेतीन मण. भरघोस पिकाला सोळा आणे धरले तर यंदाचे पीक साडेतीन आणे, सारा तहकूब. नेहमीच्या पिकाला सोळा आणे धरले तर तेच साडेतीन मण होतात चार आणे आठ पै, सारा भरा. ढिगातला एक दाणाही हललेला नाही. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांत साधारण पीक कुठे १२ आणे, कुठे १६ आणे धरत, म्हणजे हा गोंधळ सरकारी दप्तरातही होता. खेड्याच्या शेतकऱ्याला अपूर्णांक येत नव्हता म्हणून तो भांडला, असे नाही. त्याला तो चांगलाच येत होता. सोळा आणे कोणी ठरवायचे, हा त्याचा सवाल होता.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि घेतलाच पाहिजे. आण्यांच्या वाटणीचे एवढे कौतुक करताना ती कोणत्या समाजात चालत होती हे विसरायचे का? बलुत्याकडे पाहा. गावाच्या पिकातून कारूंना मिळणारा वाटा थोरली, मधली, धाकटी अशा ओळींत लावलेला होता आणि ओळ ठरत होती जातीवर. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाड्या’त या व्यवस्थेचे पोटात शिरून वर्णन केले आहे. ज्याच्या कष्टांवर गावाचा अर्धा कारभार चाले त्या महाराचा वाटा कागदावर असला, तरी हातात किती पडेल हे कुणब्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती मागितली, तेव्हा बलुत्याच्या जागी सरकारमार्फत वसूल होणारी रोख रक्कम यावी, ही त्यांची मागणी होती. ओंजळ, पेंढी, भाकरी यांच्या भाषेतून बाहेर पडून मोजता येईल आणि मागता येईल अशा आकड्यात यायचे होते. महार वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. इथे शेकड्याची आणि रोख रुपयाची बाजू मला नि:संशय न्यायाची वाटते. अनोळखी, सर्वांना सारखा, गावकीच्या मर्जीबाहेरचा आकडा दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो.

तसेच घरातल्या वाटणीचे. पाच आणे चार पै हा तिघा भावांचा बिनचूक हिस्सा असे मी वर म्हटले. त्या घरात दोन बहिणीही असतील, तर तो बिनचूक कसा? त्यांना मोजलेच नव्हते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, तेव्हा छेद बदलला. तिघांचे पाच झाले. त्या आधीच्या शेकडो वर्षांत भागाकार चुकत नव्हता, भागणाऱ्यांची शिरगणती चुकत होती. म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर असे, की तो माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही, उलट त्याला धार देतो. बलुत्यात, वारशात, आणेवारीत अन्याय झाला तो अंशाच्या बाजूने नव्हे. अख्खे काय आणि वाटेकरी किती, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्या बाजूने झाला. आणे गेले आणि टक्के आले म्हणून तो अधिकार आपोआप हलत नाही.

दुसरा आक्षेप सोपा आहे. गावागावाला मण वेगळा, शेर वेगळा, पायली वेगळी, मग या मापांचा अभिमान कसला? मान्य. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ ला आलेल्या नव्या पैशाने व्यापारातली फसवणूक आवाक्यात आली, दोन गावांचे भाव शेजारी ठेवता आले, आणि शाळेतल्या पोराच्या डोक्यावरचा पाढ्यांचा भार उतरला. याबद्दल कृतज्ञच असायला हवे. पण बदलाच्या त्या सांध्यावर जे सांडले तेही पाहावे. एका आण्याचे सव्वासहा पैसे. सरकारी कोष्टकात एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस. म्हणजे आणा आणा करून चार वेळा मोडले तर चोवीस आणि एकदम मोडले तर पंचवीस. सोनाराच्या दुकानात हा सांधा अजून उघडा आहे. बावीस कॅरेट म्हणजे चोविसातले बावीस, बारातले अकरा. हजारात ते लिहायला गेले की ९१६ आणि पुढे सहाच सहा. म्हणून दागिन्यावर ९१६ चा शिक्का बसतो. भास्कराचार्य सोन्याचा कस सोळा वर्णांत मोजतात. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन आटवले तर वीस माशांचा गोळा किती वर्णांचा? गुणून बेरीज २४०, भागिले वीस, बारा वर्णांचा. शुद्ध सोने त्यात पंधरा मासे.

मिश्रणाच्या क्षेत्रात तर शेकडा अजून पुरता शिरलेलाच नाही. गवंडी ‘एकास चार’चा माल कालवतो. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि घरोघर गेली, त्यात मापे होती वाट्या-चमच्यांची. वाटी कोणतीही घ्या, सगळीकडे तीच घ्या. वाटसरूचे दोनास एक हेच इथे पुन्हा भेटते. या भाषेत अख्ख्याचा उल्लेखच नसतो, फक्त भागांचे एकमेकांशी नाते असते, आणि म्हणून ती चार माणसांच्या भाजणीला चालते तशी लग्नघराच्या भाजणीलाही. मात्र ‘एकास चार’ ऐकून सिमेंट मालाचा चौथा भाग आहे असे समजणाऱ्याचा घात होतो. एकूण भाग पाच आहेत, सिमेंट पाचवा भाग आहे, शेकडा वीस आहे. नाते सांगणारी भाषा आणि हिस्सा सांगणारी भाषा या दोन वेगळ्या, हे गवंड्याला माहीत असते; अंदाजपत्रक वाचणाऱ्या घरमालकाला ते बहुधा माहीत नसते.

आणि काही वस्तू अशा, की ज्यांचे भाग पडतच नाहीत. मराठेशाहीतल्या कागदांत निम्मी पाटीलकी विकल्याचे दाखले सापडतात. जमीन निम्मी होते, हक्काचे धान्य निम्मे होते, पण होळीला पहिली पोळी कोणाची? पहिला विडा कोणाला? मानाचे तुकडे पडत नाहीत, म्हणून कागदात तो कोणी आधी घ्यायचा, कोणी मागून, हे लिहून ठेवावे लागे. विहिरीचेही तसेच. पाणी ढिगासारखे वाटता येत नाही, म्हणून त्याची पाळी लावतात. विहिरीत चार आणे हिस्सा म्हणजे चार दिवसांत एक दिवस. हिस्सा वस्तूतून काढून काळावर ठेवण्याची ही युक्ती किती जणांचे रक्त सांडण्यापासून वाचवून गेली असेल!

जमिनीच्या जुन्या उताऱ्यांवर असे हिस्से आण्या-पैत लिहिलेले असतात. तीन भावांची सामाईक विहीर, प्रत्येकाचे पाच आणे चार पै. याचा उलगडा बारा दिवसांत होतो; प्रत्येकाचे चार दिवस, आणि तेराव्या दिवशी पुन्हा पहिल्याची मोट. हाच हिस्सा दशांशात दोन घरे धरून लिहायला घेतला, की एकाचे ०.३३, दुसऱ्याचे ०.३३, आणि बेरीज एक यायला हवी म्हणून तिसऱ्याचे ०.३४. तो ०.०१ कोणाला मिळाला आणि का, याची नोंद मात्र उताऱ्यावर नसते.